आकाशातून येणारी वेळ : रेडिओ-नियंत्रित घड्याळांची रचना आणि अचूकता

(मरोळ, अंधेरी येथील औद्योगिक परिसरात काम करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



लग्नघरातील घटिकापात्र आज फारसे कोठे दिसत नाही. परंतु 'घटका भरली' हा शब्दप्रयोग मराठीत अजून जिवंत आहे. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. एक घटिका म्हणजे २४ मिनिटे, तिची ६० पळे, आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. या साध्या यंत्रातही घड्याळाची दोन्ही कामे स्पष्ट दिसतात. वाटी बुडते ते काळ मोजण्याचे काम होय. ती पहिल्यांदा केव्हा सोडावयाची, हे सूर्योदय पाहून ठरवणे हे काळ जुळवण्याचे काम होय. मोजणे आणि जुळवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि रेडिओ-नियंत्रित घड्याळाचे सारे शास्त्र या भेदात सामावलेले आहे. अशा घड्याळात क्वॉर्ट्झचा स्फटिक मोजतो आणि रेडिओचे ग्राहकयंत्र जुळवते. या दोघांपैकी कोणी किती चुकते आणि एकाची चूक दुसऱ्याने कशी सावरावयाची, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मुंबईने वेळ कशी जुळवली

मुंबईला या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा उभारली, ती मुख्यतः बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. समुद्रावर रेखांश काढण्याचे साधन म्हणजे घड्याळ. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते; म्हणून घड्याळ चार सेकंदांनी चुकले, तर विषुववृत्ताजवळ जहाजाची जागा सुमारे १.८५ किलोमीटरने चुकते. खडकाळ किनाऱ्याजवळ एवढी चूक जहाज फुटावयास पुरेशी होती. त्यामुळे ठरलेल्या क्षणी खांबावरून एक मोठा गोल खाली सोडावयाचा आणि जहाजांवरील अधिकाऱ्यांनी दुर्बिणीतून तो पाहून आपली घड्याळे ताडून घ्यावयाची, अशी व्यवस्था बंदरांतून रूढ झाली. वेळ दूरवर पाठवण्याची ही पद्धत प्रकाशावर चालणारी होती. पुढे तिची जागा रेडिओने घेतली.

कोणाची वेळ खरी, हा वादही मुंबईने पाहिला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि मुंबईचा रेखांश सुमारे ७२.८ अंश आहे. या ९.७ अंशांच्या अंतराचे वेळेत रूपांतर केले म्हणजे सुमारे ३९ मिनिटे होतात. एवढ्या फरकाने मागे असलेली 'मुंबई वेळ' महानगरपालिकेने १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि पालिकेचे दुसरी. तो वाद मिनिटांचा होता. आज वाद मायक्रोसेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा. वेळ कोठून येते आणि ती येताना किती बिघडते, हा मूळ प्रश्न मात्र तोच आहे.

दीर्घ लहरींवरील घड्याळे

भिंतीवर लावावयाचे किंवा मनगटावर बांधावयाचे जे 'रेडिओ घड्याळ' परदेशातून येते, ते बहुधा दीर्घ लहरींवर चालते. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन येथे डीसीएफ ७७ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करते. १९७३ पासून त्यावर वेळेची सांकेतिक लिपीही पाठवली जाते. ब्रिटनचे एमएसएफ आणि अमेरिकेचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी ही दोन्ही केंद्रे ६० किलोहर्ट्झ वापरतात. जपानचे जेजेवाय ४० आणि ६० किलोहर्ट्झवर, तर चीनचे बीपीसी ६८.५ किलोहर्ट्झवर चालते. या लहरींची लांबी काही किलोमीटर असते. त्या जमिनीच्या पृष्ठभागाला धरून दूर जातात आणि घराच्या भिंतींतूनही आत येतात.

जर्मन केंद्राची लिपी समजावून घेण्यास सोपी आहे. प्रत्येक सेकंदाच्या आरंभी प्रक्षेपणाचा जोर एकदम कमी केला जातो. ही घट ०.१ सेकंद टिकली तर त्याचा अर्थ शून्य, ०.२ सेकंद टिकली तर त्याचा अर्थ एक. अशा रीतीने मिनिटभरात तास, मिनिट, वार, दिनांक, महिना आणि वर्ष ही सारी माहिती सांगून होते. शेवटच्या सेकंदाला जोर कमी होत नाही. त्या रिकाम्या जागेवरून, आता नवे मिनिट सुरू होणार, हे घड्याळाला कळते. आधीच्या मिनिटभरात जी वेळ सांगितली गेली, ती या नव्या मिनिटाच्या आरंभक्षणाची असते. माहिती सांगावयास मिनिट लागते, पण ती लागू होण्याचा क्षण मात्र एकच आणि नेमका असतो.

ग्राहकयंत्राची रचना : जड झोपाळ्याचे गणित

अशा घड्याळातील ग्राहकयंत्र वरवर अगदी साधे असते. फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार ही त्याची अँटेना. तिच्या जोडीला संधारित्र लावून ती हव्या त्या कंप्रतेशी सुसंवादी केली जाते. त्यानंतर क्षीण संकेत मोठा करणारा विवर्धक, नको त्या कंप्रता अडवणारा स्फटिकाचा फिल्टर, जोराचा चढउतार ओळखणारा शोधक, आणि शेवटी 'आता जोर कमी झाला' असा निर्णय देणारे तुलना-मंडल. त्यापुढची लिपी उलगडण्याचे काम सूक्ष्मसंस्कारक करतो.

खरी कसोटी फिल्टरमध्ये आहे. संकेत इतका क्षीण असतो की आसपासच्या विद्युत गोंगाटात तो बुडून जातो. म्हणून फिल्टर फार अरुंद, साधारण १० हर्ट्झ रुंदीचा ठेवावा लागतो. असा फिल्टर एखाद्या जड झोपाळ्यासारखा वागतो. जड झोपाळ्याला येताजाता कोणी धक्का दिला तरी तो फारसा हलत नाही. योग्य लयीत सतत झोका मिळाला तरच तो डोलू लागतो. हा त्याचा गुण. परंतु झोका देणे थांबवले तरी तो चटकन थांबत नाही, हा त्याचा दोष. प्रक्षेपकाने जोर कमी केल्यानंतर १० हर्ट्झ रुंदीच्या फिल्टरच्या पलीकडे ती घट पूर्णपणे उमटावयास सुमारे ७० मिलिसेकंद लागतात. कडा तीक्ष्ण राहत नाही, उताराची होते. आणि संकेताचा जोर किंवा गोंगाट बदलला की त्या उतारावरील निर्णयाचा बिंदू मागेपुढे सरकतो.

फिल्टर रुंद केला तर कडा तीक्ष्ण होते, पण गोंगाट आत शिरतो. अरुंद केला तर शांतता मिळते, पण क्षण धूसर होतो. या दोहोंतून सुटका नाही. निवड मात्र करता येते. भिंतीवरच्या घड्याळाला ५० मिलिसेकंदांची चूक चालते, कारण डोळ्याला ती दिसत नाही. तेच मंडल विद्युत उपकेंद्रातील नोंदयंत्रात बसवले तर ते निरुपयोगी ठरेल. यंत्राची अचूकता चांगली की वाईट, हे त्याच्या कामावरून ठरते.

यात एक दिलासाही आहे. कोणताही विलंब जर स्थिर असेल तर तो एकदा मोजून वजा करता येतो. अस्थिर विलंब मात्र वजा करता येत नाही. त्याची फक्त सरासरी काढता येते. निव्वळ यादृच्छिक गोंगाट असेल तर १०० सेकंदांच्या निरीक्षणांची सरासरी घेतल्याने चूक दहापट कमी होते. यास्तव चांगला अभिकल्पक प्रथम विलंब लहान करण्याच्या मागे न लागता तो स्थिर करण्याच्या मागे लागतो.

गोंगाटाचा बंदोबस्त हे दुसरे काम. नलिकादिव्यांची चोक, संगणकांचे व मोबाइल चार्जरचे वीजपुरवठे, मोटारी आणि वेल्डिंगची यंत्रे ही सारी दीर्घ लहरींच्या पट्ट्यात गोंगाट ओततात. जुन्या चित्रनलिकेच्या दूरदर्शन संचाचे उदाहरण तर बोधप्रद आहे. त्यातील आडव्या रेषांची कंप्रता १५.६२५ किलोहर्ट्झ, तिची पाचपट ७८.१२५ किलोहर्ट्झ, म्हणजे डीसीएफच्या अगदी शेजारी. म्हणून युरोपातील घरांत असे घड्याळ दूरदर्शन संचापासून दूर ठेवण्याची सूचना असे. फेराइटच्या कांडीला एक उपयुक्त गुण आहे : तिच्या टोकाच्या दिशेने येणाऱ्या लहरी तिला जवळजवळ ऐकू येत नाहीत. कांडी फिरवून गोंगाटाकडे टोक करणे हा फुकटातला उत्तम फिल्टर होय.

तिसरे काम अविश्वासाचे. आलेला संदेश पहिल्या फटक्यात खरा मानू नये. समतेची खूण तपासावी, लागोपाठचे दोन-तीन संदेश ताडून पाहावेत, एका मिनिटानंतर घड्याळ नेमके एका मिनिटाने पुढे गेले आहे की नाही याची खात्री करावी, आणि मगच काटे हलवावेत. चुकीची वेळ ठामपणे दाखवणाऱ्या घड्याळापेक्षा, 'सध्या संकेत नाही' असे सांगणारे घड्याळ अधिक विश्वासार्ह असते.

संकेत नसतो तेव्हा

दिवसाचे बहुतेक तास रेडिओ घड्याळ स्वतःच्याच बळावर चालते. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या कंप्रतेत दहा लाखांत २० इतकी चूक असली, तर दिवसाला १.७ सेकंदांचा फरक पडतो. त्यात तपमानाची भर. हा स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालतो. त्याहून गरम झाला तरी मागे पडतो आणि थंड झाला तरी मागे पडतो. ही घट तपमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मुंबईच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ३५ अंश तपमान सहज असते. तेथे केवळ उष्णतेमुळे दिवसाला सुमारे ०.३ सेकंद मागे पडतात.

म्हणून चांगले यंत्र रोज नुसती वेळ दुरुस्त करून थांबत नाही. ते, 'काल आपण किती चुकलो', याची नोंद ठेवते आणि आपल्या चालीतच सुधारणा करते. हिशेबनीस जसा रोजची तूट भरून काढण्याबरोबरच ती का येते हेही शोधतो, तसाच हा प्रकार आहे. या पद्धतीने संकेत काही दिवस मिळाला नाही तरी घड्याळ फारसे भरकटत नाही.

भारतातील वाट

मुंबईतील अनेकांना एक अनुभव आला असेल. जर्मनीहून किंवा जपानहून आणलेले उत्तम रेडिओ घड्याळ येथे आपली वेळ जुळवून घेत नाही. घड्याळात दोष नसतो. भारतात घरगुती घड्याळांसाठी असे दीर्घ लहरींचे वेळ-प्रक्षेपण नाही आणि परदेशी केंद्रे फार दूर पडतात. भारताने दुसरी वाट घेतली. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी आहे. सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा एक सेकंद ही व्याख्या जगाने १९६७ मध्ये स्वीकारली; तिला अनुसरून ही प्रयोगशाळा आणवीय घड्याळांवर वेळ राखते. १९५९ पासून एटीए या संज्ञेने तिचे संकेत लघुलहरींवर प्रसारित होऊ लागले आणि अनेक वर्षे देशभरच्या प्रयोगशाळांना व तंत्रज्ञांना त्यांचा आधार मिळाला. ते प्रक्षेपण आता इतिहासजमा झाले आहे.

लघुलहरींची मर्यादा साध्या गणिताने कळते. रेडिओ लहरीला ३०० किलोमीटर जावयास एक मिलिसेकंद लागतो. दिल्लीहून मुंबई सरळ रेषेत सुमारे १,१५० किलोमीटर, म्हणजे ३.८ मिलिसेकंद. पण लघुलहर सरळ येत नाही. ती आयनांबरावर आपटून येते. परावर्तनाची उंची ३०० किलोमीटर धरली तर हाच प्रवास सुमारे ४.३ मिलिसेकंदांचा होतो. ही उंची दिवसा वेगळी, रात्री वेगळी. कधी लहर एकदा आपटून येते, कधी दोनदा. अर्धा मिलिसेकंद इकडेतिकडे होणारच, आणि हा विलंब अस्थिर असल्याने तो वजा करून टाकता येत नाही.

१९८८ पासून इन्सॅट उपग्रहावरून प्रमाणवेळेचे संकेत देण्याची व्यवस्था झाली. येथे विलंब फार मोठा, सुमारे पाव सेकंद, कारण संकेत ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत येतो. तथापि तो हिशेबात बसणारा आहे. उपग्रह या क्षणी कोठे आहे, ही माहिती संकेतातच गुंफलेली असे; ग्राहकयंत्र स्वतःच्या जागेपासूनचे अंतर काढून विलंब वजा करी. मोठा पण मोजता येणारा विलंब हा लहान पण लहरी विलंबापेक्षा बरा, हे तत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

आज हेच तत्त्व मार्गदर्शक उपग्रहांनी टोकाला नेले आहे. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीतील प्रत्येक उपग्रहावर आणवीय घड्याळ असते. चार उपग्रहांचे संकेत एकदम घेऊन ग्राहकयंत्र स्वतःची जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी काढते. जागा एकदा पक्की झाली म्हणजे वेळेसाठी एकच उपग्रहही पुरतो. भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. तिच्या काही उपग्रहांवरील आयात केलेली रुबिडियम घड्याळे पुढे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर मात्र देशात तयार झालेले रुबिडियम घड्याळ आहे. घड्याळ बंद पडले की मार्गदर्शनासाठी सोडलेला उपग्रह त्या कामापुरता निकामी होतो, हा धडा त्यातून मिळाला.

मरोळ नाक्याची कहाणी

हे सारे आकाशातले झाले. मरोळमध्ये त्याचा संबंध कोठे येतो? १९७३ मध्ये शेजारी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र स्थापन झाले आणि औद्योगिक वसाहतीच्या जोडीने या भागाला इलेक्ट्रॉनिकीचे वळण मिळाले. आज मरोळ नाक्यावर दोन मेट्रो मार्ग भेटतात. उन्नत मार्ग २०१४ पासून धावू लागला आणि भूमिगत मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. भूमिगत स्थानकात उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही. तेव्हा अँटेना उघड्या आकाशाखाली, मुख्य घड्याळ नियंत्रण कक्षात, आणि तेथून केबलने वेळ फलाटापर्यंत, अशी रचना करावी लागते. अशा साखळीत आकाशातून आलेल्या वेळेची चूक नगण्य असते. चूक शिरते ती जमिनीवरच्या दुव्यांतून.

लहान कारखान्यातही हेच घडते. गच्चीवरील अँटेनापासून तळमजल्यावरील यंत्रापर्यंत ३० मीटर केबल टाकली, तर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद या हिशेबाने १५० नॅनोसेकंदांचा विलंब आला. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील उंच काचेच्या इमारतींवरून परावर्तित झालेला संकेत सरळ संकेतात मिसळला, तर त्याची भर आणखी. पत्र्याखाली ठेवलेली अँटेना तर आंधळीच. पहिल्या पावसात जोडणीत पाणी शिरले की उत्तम ग्राहकयंत्रही मुके होते. कागदावरची नॅनोसेकंदांची अचूकता गच्चीवरच्या एका सैल जोडणीपाशी संपते.

लीप सेकंदाची काळजीही अभिकल्पकाने घ्यावयाची असते. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा एक सेकंद अधिक घालण्यात आला. शेवटच्या खेपेस, १ जानेवारी २०१७ रोजी, भारतात पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनंतर ६१ सेकंदांचे मिनिट झाले. जीपीएसची आंतरिक वेळ हे सेकंद मोजत नाही. त्यामुळे ती तेव्हापासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक ज्या यंत्राने नीट वाचला नाही, त्याची वेळ नॅनोसेकंदापर्यंत स्थिर राहूनही १८ सेकंदांनी चुकीची असते. स्थैर्य म्हणजे सत्य नव्हे.

एवढी अचूकता कशासाठी

विजेच्या जाळ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह एका मिलिसेकंदात १८ अंशांनी पुढे सरकतो. दोन दूरच्या उपकेंद्रांतील कोन ताडून पाहावयाचे, तर घड्याळे मायक्रोसेकंदात जुळलेली हवीत. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात, किंवा १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत वीज गेली, तशा प्रसंगी पहिला प्रश्न असतो : आधी काय तुटले? शेकडो नोंदयंत्रांच्या वेळा जुळत नसतील, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या एका दुर्बिणीसारख्या वागतात, त्याही काटेकोर कालमेळामुळेच. बँका, शेअरबाजार आणि दूरध्वनी यांचे व्यवहारही वेळेच्या शिक्क्यावरच उभे आहेत. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने संस्थांच्या संगणकांची वेळ राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जोडण्याचे निर्देश दिले. प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रादेशिक केंद्रांतून पुरवण्याची योजनाही आखण्यात आली आहे.

यामागे सावधगिरीचे कारण आहे. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती प्रसारित झाली आणि जगभरच्या अनेक ग्राहकयंत्रांची वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी सरकली. घरातील घड्याळाला त्याची खबरही नव्हती. दूरसंचार यंत्रणांत मात्र धोक्याच्या घंटा वाजल्या. आकाशातील एका देणगीवर सर्वस्वी विसंबून राहणे धोक्याचे, हे त्या दिवशी दिसून आले. ज्या यंत्रणेत दोन प्रणालींचे संकेत ताडून पाहिले जातात, ज्यात चांगला स्फटिक किंवा रुबिडियम काही तास स्वतंत्रपणे वेळ सांभाळू शकतो, आणि जिची वेळ केबलच्या मार्गाने राष्ट्रीय प्रयोगशाळेशी ताडता येते, तीच अशा प्रसंगी टिकते.

मरोळच्या तंत्रज्ञाला येथे मोठे काम आहे. उपग्रह सोडणे त्याच्या हाती नाही. ग्राहकयंत्र नीट बनवणे आणि नीट बसवणे सर्वस्वी त्याच्या हाती आहे. त्याने आपल्या यंत्राच्या पत्रकावर केवळ आकाशातील संकेताची अचूकता छापू नये. केबल, तपमान, गोंगाट आणि संकेत तुटल्यानंतरचे तास हे सारे जमेस धरून, खरेदीदाराच्या टेबलावर प्रत्यक्ष मिळेल तीच अचूकता छापावी. संकेत हरपला तर यंत्राने तसे स्पष्ट सांगावे. घटिकापात्र सांभाळणारा माणूस पाण्यावरची नजर ढळू देत नसे, कारण मुहूर्ताची जबाबदारी त्याच्यावर असे. आज ती जबाबदारी मंडलाची आखणी करणाऱ्यावर, जोडणी घट्ट करणाऱ्यावर आणि चाचणीच्या आकड्याखाली सही करणाऱ्यावर आली आहे. देशाची वेळ दिल्लीत राखली जाते, पण ती खरी राहते की नाही, हे अशा असंख्य हातांवर अवलंबून आहे.